हेराल्डचं छत

या मालिकेत आपण लढाया पाहिल्या, किल्ले पाहिले, तह पाहिले. आजचा विषय एका गाडीचा आहे. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, जिथे जिथे आपली मराठी मंडळी आहेत तिथून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो: "साहेब, जुनी स्टँडर्ड हेराल्ड स्वस्तात मिळते आहे. छत काढून टाकलं तर झकास उघडी गाडी होईल ना?"

उत्तर एका शब्दात देता येईल. पण या गाडीचं छत निघतं का, निघालं तर गाडी वाकत का नाही, आणि तरीही ते काढावं का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. तो इतिहास कॉव्हेंट्रीत सुरू होतो आणि मद्रासमार्गे आपल्या दारात येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात गाड्या बांधण्याची रीत झपाट्यानं बदलली. पूर्वी खाली पोलादाची जाड चौकट असायची. तिला चासिस म्हणतात. इंजिन, चाकं, स्प्रिंगा सगळं त्या चौकटीला लागायचं आणि वर टोपीसारखी बॉडी ठेवायची. नव्या रीतीत ही चौकट गेली. फरशी, दारांचे खांब, छत हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच कवच तयार होऊ लागलं. अंड्याला जशी आतून काडी लागत नाही, कवचच सगळा भार घेतं, तसंच हे. गाडी हलकी होते आणि मजबूतही होते. पण असं कवच दाबून काढायला प्रचंड प्रेस आणि महागडे साचे लागतात. ते ज्याच्याकडे, त्याच्या हातात सगळी नाडी.

कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची नाडी फिशर अँड लडलो या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याकडे होती. १९५३ मध्ये हा कारखाना बीएमसीनं, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेल्या प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला. लष्करी भाषेत सांगायचं तर रसदीचा रस्ता शत्रूच्या ताब्यात गेला. पुढच्या मॉडेलच्या बॉडीसाठी त्या दारात उभं राहण्यात अर्थ उरला नाही.

अशा वेळी सेनापती दोन गोष्टी करू शकतो. माघार घेतो, किंवा हातात जे आहे त्यावर योजना बेततो. कंपनीचे मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांनी दुसरा मार्ग घेतला. एवढं मोठं एकसंध कवच दाबून काढणारा कोणी हाताशी नव्हता. मग बॉडीचे तुकडे करायचे, ते वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांत बनवून घ्यायचे आणि बोल्टनं जोडायचे. पण बोल्टनं जोडलेले तुकडे भार घेऊ शकत नाहीत. तेव्हा भार घ्यायला खाली जुन्या पद्धतीची चासिस परत आणायची. जग ज्या रीतीला जुनाट म्हणून सोडत होतं, ती या कंपनीनं गरजेपोटी पुन्हा उचलली.

या प्रकल्पाचं सांकेतिक नाव होतं 'झोबो'. लडाखमध्ये नोकरी केलेल्या सैनिकाला हा शब्द ऐकून हसू येईल. याक आणि गाय यांच्या संकरातून होणारं, ओझं वाहणारं हे हिमालयातलं जनावर. नाव कोणी आणि का दिलं असेल ते असो, चपखल बसलं. जुनी चासिस आणि नवी बॉडी यांचाच हा संकर होता. बॉडीला रूप दिलं तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी, आणि रूप असं दिलं की खालची जुनी रीत कोणाच्या लक्षातही येऊ नये.

एप्रिल १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आली. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिचं अनावरण झालं, तेव्हा मंचावर सुटे भाग आणून मोजक्या मिनिटांत सगळी गाडी जोडून दाखवली. अडचणीतून निघालेली रचनाच कंपनीनं जाहिरातीत वापरली. पुढचं संपूर्ण बॉनेट मडगार्डसकट समोर उलटतं, इंजिनाभोवती मोकळं उभं राहून काम करता येतं. पुढची चाकं इतकी वळतात की सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. मागची चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्या काळच्या स्वस्त इंग्रजी गाड्यांत ही चैन सहसा नसे.

आता छताकडे येऊ. सगळा भार चासिसवर आहे म्हटल्यावर हेराल्डचं छत फक्त ऊन-पावसापुरतं उरलं. तेही बोल्टनं बसवलेलं. म्हणून १९६० मध्ये कापडी छताची कन्व्हर्टिबल काढताना कंपनीला नवी गाडी बनवावी लागली नाही. पाठोपाठ मागे सामानाची जागा असलेली इस्टेट आली, १९६२ मध्ये सहा सिलिंडरांची व्हिटेस आली, आणि त्याच भागांतून दोन माणसांची स्पिटफायर ही क्रीडागाडीही निघाली. १९६१ मध्ये लेलँडनं ही कंपनी घेतली. १९७१ पर्यंत पाच लाखांहून अधिक हेराल्ड बाहेर पडल्या. उघडी हेराल्ड ही शिक्षक, कारकून, तरुण जोडप्यांना परवडणारी, चार माणसं बसतील अशी गाडी होती. १९७७ मध्ये तिथे या कुळातल्या गाड्यांसाठी ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब स्थापन झाला. इंग्लंडमध्ये आजही हौशी माणूस आपल्या गॅरेजात या गाडीची बॉडी उचलून चासिस दुरुस्त करू शकतो, कारण तिची मूळ घडणच तशी आहे.

आता मद्रास. परवाना-राजच्या काळात आपल्याकडे मोटारगाड्या म्हणजे तीनच नावं: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर, मुंबईत कुर्ल्याची फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं १९६१ पासून ९४८ सीसी इंजिनाची हेराल्ड बनवायला घेतली. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत इतके भाग देशात तयार होऊ लागले की नावातलं 'ट्रायम्फ' गळलं आणि ती 'स्टँडर्ड हेराल्ड' झाली. १९६८ मध्ये खास आपल्यासाठी चार दारांची मार्क थ्री आली, इस्टेट आली, पुढे गझेल आली. इंग्लंडमध्ये नसलेली चार दारांची हेराल्ड आपण केली, पण तिथे लोकप्रिय झालेली उघडी हेराल्ड आपल्या नेहमीच्या उत्पादनात नव्हती. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणाऱ्या देशात कुटुंब, सामान आणि पावसाळा यांचा विचार आधी होणार, हे उघड आहे.

ती राहिलेली हौस पुढे करवतीनं भागवली गेली. लग्नाच्या वरातीसाठी, शूटिंगसाठी, कधी नुसत्या मिरवण्यासाठी आपल्याकडे गाड्यांची छतं कापली गेली. अॅम्बेसेडर किंवा फियाटचं छत कापणं म्हणजे अंड्याचा वरचा भाग उडवणं. कवचच भार घेतं, त्यामुळे गाडी मधोमध खचते, दारं अडकतात, पुढची काच तडकते. खालून भरभक्कम पोलाद वेल्ड केल्याशिवाय अशी गाडी चालवू नये. हेराल्ड मात्र छत काढल्यावरही उभी राहते. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

पण उभी राहणं आणि कन्व्हर्टिबल होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्यातून आलेल्या उघड्या गाडीत कापडी छताची चौकट बसवायच्या जागा असतात, ती दुमडून ठेवायला मागे खोबण असते, काचेच्या वरच्या कडेला छत अडकवायची सोय असते, पाणी वाहून जायला वाट असते. बंद गाडीत यातलं काही नसतं. परिणाम काय? जूनच्या पहिल्या सरीत फरशीवर पाणी साचतं आणि ते गंजायला लागते.

समजा, छत आधीच कापलेली हेराल्ड तुमच्याकडे आली आहे आणि ती धडपणे उभी करायची आहे. मग क्रम असा ठेवा.

पहिलं काम कागदाचं. नोंदणी पुस्तक, चासिस क्रमांक, इंजिन क्रमांक जुळतात का पाहा. सैन्यात प्रत्येक गाडीला लॉगबुक असतं. घरच्या गाडीलाही एक वही करा. काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा, आधी फोटो काढा.

दुसरं काम चासिसचं. मुख्य चौकटीपासून दोन्ही बाजूंना फाटे निघतात आणि त्यांच्यावर बॉडीच्या कडा टेकतात. हेच फाटे सर्वांत आधी गंजतात. गंजलेला पत्रा कापण्यापूर्वी दारांच्या जागी आडवे लोखंडी नळ वेल्ड करून बॉडी जखडून घ्या, आणि गाडी तिच्या चाकांवर, सपाट जमिनीवर राहू द्या. हवेत टांगून वेल्डिंग केलं की दारं पुन्हा नीट लागत नाहीत. बॉडी आणि चासिस यांच्यामध्ये पातळ पट्ट्या असतात. कुठे किती होत्या, ते वहीत लिहा.

तिसरं काम जिवाशी निगडित आहे. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतो. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. इथे कंपनीनं घट्ट गिअर ऑइल सांगितलं आहे, ग्रीस नाही. ग्रीस तिथे वाळतं, आट्यांच्या टोकापर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, पोलाद गंजतं, आणि एके दिवशी वळणावर चाक आडवं होतं. मेकॅनिक अनुभवी असला तरी हातात ग्रीसगन घेऊनच येईल. त्याला आधीच सांगा.

आता थोडे बदल. मी एक साधी कसोटी लावतो: जे बोल्ट काढून एका दिवसात पूर्ववत करता येतं, ते खुशाल करा. डायनामोऐवजी अल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरवर विजेचा पंखा, चांगल्या प्रतीचे टायर, मागच्या गाड्यांना नीट दिसतील असे दिवे. जुने भाग पेटीत ठेवा. सुट्या भागांसाठी चेन्नईचं पुदुपेट, दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार इथे चकरा माराव्या लागतील. इंजिनाची ताकद वाढवायचा मोह मात्र आवरा. हेराल्डचा मागचा आस वेगात वळताना घात करू शकतो. वळणाच्या मध्यावर अचानक पाय उचलला की मागची चाकं आत वळतात आणि मागची बाजू उसळते. १९७० मध्ये स्पिटफायरला वेगळी मागची स्प्रिंग देऊन कंपनीनं हा दोष बराच कमी केला. जिथे ताकद वाढते तिथे आधी ब्रेक आणि स्प्रिंग वाढावी लागते.

आणि आता मूळ प्रश्न: छत शाबूत असलेली हेराल्ड उघडी करावी का? माझं उत्तर स्पष्ट आहे. करू नये.

त्याचं एक कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतले तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमावर शिक्कामोर्तब केलं. नोंदणीत 'सलून' लिहिलेली गाडी छत काढून रस्त्यावर आणली तर तुम्ही या कलमाच्या कचाट्यात येता. दुसरी बाजूही पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेल्या खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यासाठी गाडी रस्त्यावर आणता येते. अट एकच मोठी आहे: गाडी मूळ रूपात असावी, चासिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. साठीच्या दशकातल्या आपल्या हेराल्ड आज या वयात बसतात. छत शाबूत असेल तर दार उघडं आहे. छत कापलं असेल तर गाडी या मान्यतेला मुकण्याची दाट शक्यता आहे.

दुसरं कारण इतिहासाचं आहे. मद्रासच्या कामगारांनी, मर्यादित परकीय चलनात, एकेक भाग देशात बनवायला शिकत ही गाडी उभी केली. बंद छताची दोन दारी हेराल्ड हा त्या शिकण्याचा पुरावा आहे. कारखाना केव्हाच बंद पडला. उरलेल्या गाड्या हळूहळू भंगारात जात आहेत. वरातीच्या एका संध्याकाळीसाठी त्यांतली एक कापली, तर ती परत मिळत नाही.

उघड्या गाडीची हौस असेल, तर जिचं छत पूर्वीच गेलं आहे अशी शोधा, आणि तिच्या फाट्यांपासून सुरुवात करा. काम किती वर्षं चालेल याचा अंदाज कोणी विचारला, तर घरच्यांना दुप्पट सांगा. तोपर्यंत वहीत लिहीत राहा. तुमच्यानंतर ती गाडी ज्याच्या हातात जाईल, त्याला त्या वहीची किंमत कळेल.

पुढच्या भागात लष्करी लिलावातून बाहेर पडलेल्या जीपगाड्यांचा प्रवास पाहू. तोपर्यंत काळजी घ्या. जय हिंद.