पहिली मजल : लांबच्या प्रवासाचा पहिला दिवस आणि लिंबागणेशची वाट

१. पुण्याहून पहाटे निघालेला एकटा मोटरसायकलस्वार अहिल्यानगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा असे करीत दुपारच्या सुमारास बीड तालुक्यातील लिंबागणेशला पोहोचतो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पुढे मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर आणि त्यापलीकडचा दक्षिण देश. त्याच्या हिशेबात एवढे अंतर म्हणजे पहिल्या दिवसाचा पूर्वार्ध. अडीचशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाला हा हिशेब समजलाच नसता. त्याचे घोडे किंवा बैल मंद होते, हे खरे. परंतु प्रवासाचा पहिला दिवस कशासाठी असतो, याविषयीची त्याची कल्पनाही वेगळी होती. हा धागा त्या पहिल्या दिवसाच्या इतिहासाचा.

२. आरंभ एका शब्दापासून. ‘मजल’ हा मूळ अरबी ‘मंझिल’. अर्थ, उतरण्याची जागा. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि ‘मजल दरमजल’, ‘मजल मारणे’ अशा प्रयोगांत स्थिरावला. एका दिवसाची मजल साधारण चार ते सहा कोसांची, म्हणजे तेरा ते वीस किलोमीटरांची. त्या मापाने पुणे ते लिंबागणेश ही पंधरा दिवसांच्या आसपासची वाट ठरते. आळंदी ते पंढरपूर हे अंतरही जवळपास तेवढेच आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ते अडीच आठवड्यांहून अधिक काळात पार करते, ही आजही डोळ्यांनी पाहता येणारी जुनी चाल होय.

३. पालखीच्या पहिल्या दिवशी एक गोष्ट ध्यानात येते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान होते आणि पहिला मुक्काम आळंदीतच पडतो. आदल्या दिवशी देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखीही पहिली रात्र देहूतील इनामदार वाड्यातच काढते. पहिल्या दिवशी कापलेले अंतर नगण्य. तरीही त्या दिवसानंतर पालखी ‘निघालेली’ असते. पहिला दिवस निघण्यासाठी, अंतर दुसऱ्या दिवसापासून, असा तो नियम आहे.

४. हा नियम केवळ वारीचा नव्हे. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून लाहोर व काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये त्या लवाजम्यात होता. त्याच्या वर्णनानुसार बादशाह ज्योतिष्यांनी काढलेल्या घटकेला, तिसऱ्या प्रहरी बाहेर पडला आणि दिल्लीपासून जेमतेम दोन कोसांवरच्या शालिमार बागेत उतरला. तिथे तो सहा दिवस थांबला. लांबच्या प्रवासाची तयारी मागे राहिलेल्या सर्वांना पुरी करता यावी, हा त्यामागचा हेतू. मुहूर्त साधला गेला आणि सोयही झाली.

५. पेशव्यांच्या स्वाऱ्यांतही हीच रीत दिसते. मुहूर्तावर वाडा सोडायचा, शहराबाहेर ‘डेरेदाखल’ व्हायचे आणि फौज गोळा होईपर्यंत तिथेच राहायचे. सामान्य घरांत याची लहान आवृत्ती होती. मुहूर्त आज आहे आणि निघणे मात्र उद्या-परवावर गेले आहे, अशा वेळी एखादे वस्त्र, सुपारी किंवा नारळ प्रवासाच्या दिशेला शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवत. याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. माणूस घरात आणि त्याचा प्रवास मात्र सुरू झालेला.

६. या रीतीला श्रद्धेइतकाच व्यवहाराचाही आधार होता. विसरलेली वस्तू दोन कोसांवरून परत आणता येते, वीस कोसांवरून येत नाही. कोणत्या बैलाला ओझे लागते, कोणत्या घोड्याचा नाल सैल आहे, कोणता नोकर आलाच नाही, हे पहिल्या मुक्कामावर उघड होते. मोटरसायकलस्वाराला हे सारे ओळखीचे वाटेल. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांचे वजन असमान असेल तर वळणावर गाडी एका अंगाला ओढते. घरी घट्ट वाटलेले पट्टे शे-सव्वाशे किलोमीटरांत सैल पडतात. पाना सामानाच्या तळाशी गेला आहे, हे साखळी ढिली झाल्यावरच कळते.

७. पहिल्या दिवसाचा दुसरा अर्थ सीमोल्लंघनाचा. विजयादशमीला गावाची शीव ओलांडून शिलंगणाचे सोने लुटायचे आणि त्या सुमारास मोहिमांना आरंभ करायचा, ही मराठी रीत. तिच्या मुळाशी ऋतुचक्र आहे. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार पडलेला, रानात चारा आणि खरिपाचे धान्य हाती येत असलेले. घोडदळाला यापेक्षा अनुकूल काळ नाही. खंडेनवमीला तलवारीची पूजा होई. आता त्याच सणात मोटरसायकल धुऊन तिला झेंडूचा हार घातला जातो.

८. पहिला दिवस चुकीच्या ऋतूत आला तर काय होते, याचे उदाहरण याच मराठवाड्यात आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीर येथे निजामाचा पराभव केला. त्याआधीच, १० जानेवारीला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अब्दालीच्या फौजेशी लढताना पडले होते. ती वार्ता दक्षिणेत आल्यावर पडदूर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर, येथे खल झाला आणि १४ मार्च १७६० रोजी भाऊंनी उत्तरेकडे कूच केले. दसरा होऊन पाच महिने लोटले होते आणि पावसाळा तीन महिन्यांवर आला होता.

९. सोबत जड तोफखाना, कुटुंबकबिला आणि तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेले लोक. सुमारे अकराशे किलोमीटरांवरील दिल्लीचा किल्ला हाती यायला ऑगस्ट उजाडला. मुक्कामांसह सरासरी काढली तर दिवसाला आठ किलोमीटर. तोवर यमुना दुथडी भरून वाहू लागली होती आणि पलीकडे दुआबात असलेल्या अब्दालीवर चालून जाणे अशक्य झाले होते. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. तथापि, १४ मार्च ही तारीख भाऊंनी पंचांगात पाहून किंवा ऋतुमान जोखून निवडलेली नव्हती. ती बुराडीच्या बातमीने त्यांच्यावर लादली होती. आपला पहिला दिवस स्वतः ठरवण्याची मुभा त्या काळच्या सर्वांत बलाढ्य सेनापतीलाही नव्हती.

१०. आता एकट्याने प्रवास करण्याविषयी. ठगांच्या काळात वाटसरू सोबत पाहूनच निघत. घरापासून दूर गेलेला माणूस नाहीसा झाला तर महिनोन् महिने कोणाला पत्ता लागत नसे आणि ठगांचा धंदा त्यावरच चाले. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले, तेही काकांच्या सोबतीने. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकटे फिरणे ही बहुधा विरक्ताची वाट होती. मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ याच्या पहिल्या भागाचे नावच ‘एकांक’ आहे. शिष्यपरिवार जमण्यापूर्वी श्रीचक्रधर एकाकी भ्रमण करीत होते, त्या काळाच्या लीळा त्यात आहेत. ज्याने घराचे पाश तोडले त्यानेच एकटे चालावे, अशी समाजाची धारणा होती. घरी परतण्याच्या बोलीवर एकट्याने दूर जाणे ही अलीकडची गोष्ट.

११. लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र. कथा परिचित आहे : चंद्र गणेशाला हसला, शापित झाला, त्याने तप केले आणि गणेशाने त्याला आपल्या भाळी धारण केले. प्रवासाच्या इतिहासात हा चंद्र उपरा नाही. प्रयाणाचा मुहूर्त काढताना चंद्रबळ पाहिले जाई. चंद्र दररोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो आणि अरब ज्योतिर्विदांनी त्याच्या या दैनंदिन टप्प्यांना जे नाव दिले, ते ‘मंझिल’ हेच. मराठीने वाटसरूसाठी घेतलेला शब्द त्यांनी आकाशातल्या वाटसरूसाठी योजला होता.

१२. पुण्याहून येणारी ही वाट आणखी एक इतिहास पोटात घेऊन जाते. अहिल्यानगरहून निघालेला रस्ता कडा-आष्टीला बीड जिल्ह्यात शिरतो, जामखेडला पुन्हा अहिल्यानगर जिल्ह्यात जातो आणि सौताडा-पाटोद्याकडे परत बीडमध्ये येतो. स्वाराला हे बदल पाट्यांवरून कळले तर कळतात. परंतु १९४८ पूर्वी आष्टी आणि पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर जामखेड मुंबई इलाख्यात. पेशवे आणि निजाम यांच्यातील तह, वाटण्या आणि जहागिरी यांनी प्रदेशाचे जे तुकडे पाडले, त्यांतील पेशव्यांच्या तुकड्यांवर १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल बसला. त्यामुळे नगर ते लिंबागणेश या एका वाटेवर राज्याची सरहद्द तीनदा ओलांडावी लागे. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची अखेरची मोठी लढाई जिथे झाली, ते खर्डाही याच जामखेड तालुक्यात.

१३. ही सरहद्द केवळ नकाशावरची रेघ नव्हती. संस्थानचे जकात खाते ‘करोडगिरी’ म्हणून ओळखले जाई. नाणेही वेगळे : इकडे इंग्रजांचा कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली सिक्का, विनिमय ढोबळमानाने सहा कलदारांस सात हाली. टपालाची तिकिटे वेगळी, दरबाराची भाषा उर्दू. कायदाही वेगळा : ‘गस्ती निशाण ५३’ या हुकमाने संस्थानात पूर्वपरवानगीवाचून सभा भरवण्यास मनाई केली होती. जामखेडच्या बाजारात जे बोलता येई, ते काही कोसांवर पाटोद्यात बोलणे गुन्हा ठरू शके. रझाकारांच्या काळात ही सरहद्द ओलांडून अनेक कुटुंबे आश्रयाला आली. त्यांच्या प्रवासाच्या पहिल्या दिवसाला कोणी मुहूर्त पाहिला नव्हता.

१४. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्याच्या कारवाईने हैदराबाद संस्थान संपले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नाके उठले. आज पाटोद्याकडे वळणारा स्वार गाडीचा वेग कमी करतो, तो रस्त्यातल्या खड्ड्यासाठी किंवा सौताड्याचा धबधबा पाहण्यासाठी. त्याच्या मोकळेपणाला इंजिनाइतकाच आधार या उठलेल्या नाक्यांचाही आहे. मराठवाड्याच्या मुक्तीचा अर्थ सप्टेंबरातील ध्वजवंदनापेक्षा या न थांबण्यात अधिक नेमका उमगतो.

१५. मात्र याच रस्त्यावर उलट्या दिशेने जाणारा आणखी एक पहिला दिवस आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पाचटाच्या खोपीसाठी ताडपत्री, कधी बैल, कधी शेळी आणि सर्वांवर बसलेली मुले. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडायची असते, म्हणून जायचे असते. हंगाम संपून परत यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. ऋतू मोहिमांचाच, दिशाही शिवेबाहेरचीच. परंतु पहिल्या दिवसाची तारीख कारखान्याच्या गाळप हंगामावरून ठरते.

१६. या सर्व पहिल्या दिवसांना शेजारी शेजारी ठेवले की एकट्या मोटरसायकलस्वाराचे वेगळेपण नेमके दिसते. वेगाने जाणारे पूर्वीही होते. पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांनी जड तोफा सोबत न घेता निजामाला दमवून १७२८ मध्ये कोंडीत पकडले, ते वेगाच्याच बळावर. एकटे फिरणारेही होते. बादशाहाचा दिवस ज्योतिष्याने ठरवला, वारकऱ्याचा तिथीने, भाऊंचा शत्रूने, सरहद्दीवरच्या निर्वासिताचा भयाने आणि ऊसतोड मजुराचा उचलीने. कोणालाही न विचारता, कोणाचे देणे नसताना, सुट्टीच्या एखाद्या सकाळी आपला पहिला दिवस आपणच निवडणे, हे मात्र इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आलेले आहे.

१७. लिंबागणेशच्या रस्त्यावर दिवाळीच्या आगेमागे हे दोन प्रवास समोरासमोर येतात. एक पूर्वेकडे जाणारी मोटरसायकल, दोन्ही बाजूंना पिशव्या बांधलेली. एक पश्चिमेकडे जाणारी ट्रॉली, संसार रचलेली. दोघांचाही तो पहिला दिवस असतो. रस्ता अरुंद असेल तिथे मोटरसायकलस्वाराने कडेला थांबून ट्रॉलीला वाट द्यावी. पूर्वी मजलीवर निघालेले वाटसरू लादलेल्या जनावरांना अशीच वाट देत असत.