आशा भोसले : दोन आंतरराष्ट्रीय अल्बम

सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या पार्श्वगायिका आशा भोसले यांची, ग्रॅमी नामांकन मिळालेली दोन ध्वनिमुद्रणे. ‘लेगसी’त (१९९६) सरोदवादक अली अकबर खाँ यांच्यासह गायिलेल्या १६ ते १८व्या शतकांतील बंदिशी आहेत, गायन संयत, चित्रपटगीतांतला खट्याळपणा बाजूला ठेवलेला. अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या वादकसमूहासोबतचा ‘यूव्ह स्टोलन माय हार्ट’ (२००५) मात्र संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्या चित्रपटगीतांचा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ती नव्याने गायिली. साथीला व्हायोलिने, व्हिओला, चेलो, झाकिर हुसेन यांचा तबला आणि वू मान यांचे पिपा हे चिनी तंतुवाद्य. आवाजात वय जाणवते, नखरा तसाच. दरम्यान कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. नाव आशाबाईंचे, आवाज मात्र त्यांचा नाही.