वंगणदाबाचे वाचन : ट्रकच्या एंजिनातील एका आकड्याचा इतिहास

एंजिनातील वंगणतेलाचा दाब कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही. तो नेहमी कोणाच्या तरी तोंडून कळावा लागतो. प्रथम तो तांब्याच्या नळीने सांगितला, मग विजेवर हलणाऱ्या काट्याने, मग तांबड्या दिव्याने; आणि गेल्या चार दशकांत तो तपासयंत्राच्या पडद्यावरील आकडा सांगू लागला आहे. सांगणाऱ्यांचा हा क्रम लावून पाहिला असता जो इतिहास हाती येतो, तो केवळ उपकरणांचा नव्हे. तो साक्षीचा आणि साक्षीच्या विश्वासार्हतेचाही इतिहास होय. ह्या साक्षीचे मोल चालकाला चांगले ठाऊक असते. दाब खरोखरच गेला असेल आणि एंजिन चालूच ठेवले, तर थोड्याच वेळात क्रँकशाफ्टची बेअरिंगे जळतात. दाब ठीक असताना खोट्या इशाऱ्यावरून ट्रक उभा केला, तर माल, वेळ आणि मजुरी ही तिन्ही वाया जातात.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. दाब म्हणजे तेलाचे प्रमाण नव्हे. पंपाने ढकललेल्या तेलाला बेअरिंगांच्या अरुंद फटींतून वाट काढताना जो अडथळा होतो, त्यातून दाब निर्माण होतो. फटी झिजून रुंदावल्या, तेल तापून पातळ झाले किंवा त्यात डिझेल मिसळले, की दाब उतरतो. थंड सकाळी तेल घट्ट असते, तेव्हा तो चढतो. म्हणून हा एकच आकडा पंप, तेल आणि झीज ह्या तिहींविषयी एकदम बोलतो. त्यांपैकी नेमके कोणाविषयी, हे मात्र वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

(१)

ह्या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या जन्मापूर्वीचा आहे. १८४९ साली फ्रान्समध्ये यूजेन बूर्दों ह्यांनी दाबमापकाचे पेटंट घेतले. चपटी व वाकवलेली धातूची नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा तबकडीवर फिरतो, एवढेच त्याचे तत्त्व. बाष्पयंत्रांसाठी निघालेले हे मापक पुढे मोटारीच्या दर्शनी फळीवर आले. मात्र प्रारंभीच्या सर्वच मोटारींना त्याची गरज नव्हती. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मध्ये तेल शिंतोड्यांनीच सर्वत्र पोहोचे. जेथे दाबच नाही तेथे दाबमापक कशाचे? पंपाने दाबून तेल पुरवण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा काटा आवश्यक ठरला.

बूर्दोंच्या मापकात तेल स्वतः चालकापर्यंत येत असे. एंजिनापासून फळीपर्यंत बारीक नळी असे आणि ती फुटली तर चालकाच्या कपड्यांवर तेल उडे. ही गैरसोय खरीच. परंतु घटना आणि तिचे चिन्ह ह्यांच्यामध्ये दुसरा कोणीही नव्हता. आजही पडद्यावरील आकड्याविषयी शंका आली, की जाणता कारागीर सेन्सर काढून त्या भोकात असलेच साधे मापक बसवतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे तत्त्व अशा रीतीने आजही अखेरचा साक्षीदार म्हणून बोलावले जाते.

विजेची मापके आली, तेव्हा नळीची जागा तारेने घेतली. एंजिनावरील घटक दाबानुसार विद्युत्-रोध बदलू लागला आणि काटा प्रवाहानुसार फिरू लागला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने काट्याऐवजी इशाऱ्याचे दिवे वापरण्यास प्रारंभ केला. दिवा ‘किती’ हे सांगत नाही. तो केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. पुढे आंतरराष्ट्रीय चिन्हसंचात ह्या इशाऱ्यासाठी तेलाच्या झारीचे चित्र ठरले. ती झारी आज फारशी कोणी हाती धरीत नाही. वस्तू व्यवहारातून गेली, चिन्ह मात्र उरले.

ह्या टप्प्यावर एक विलक्षण प्रकार घडला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या पिकअप ट्रकांत काटा राहिला, परंतु त्यामागचा बदलता रोध काढून तेथे साधा स्विच बसवण्यात आला. दाब चौरस इंचास सुमारे सहा-सात पौंडांच्या वर असला, की एका ठरावीक रोधामुळे काटा मध्यावर स्थिर राही. खाली गेला, की तो शून्यावर पडे. रूप मापकाचे आणि वृत्ती दिव्याची, असे हे चिन्ह होते. ‘किती’ ह्या प्रश्नाला ‘आहे’ एवढेच उत्तर मिळत होते आणि ते उत्तर प्रमाणाची भाषा बोलत असल्याचा आभास होत होता.

(२)

जड ट्रकांचा मार्ग ह्याहून निराळा होता. डेट्रॉइट डिझेल कंपनीने १९८५ मध्ये ‘डीडेक’ ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणव्यवस्था आणली आणि १९८७ च्या ‘सिरीज ६०’ एंजिनात ती मूळ रचनेचाच भाग झाली. आता दाबाचा आकडा प्रथम संगणकाला कळू लागला, चालकाला नंतर. दाब उतरला तर संगणक दिवा लावी. इतकेच नव्हे, तशी योजना केली असल्यास एंजिन बंदही करी. कारण विचारावयाचे तर दिव्याची उघडझाप मोजावी लागे : चार वेळा, क्षणभर विराम, पुन्हा पाच वेळा, म्हणजे संकेत ४५, अर्थात् तेलाचा दाब कमी. हाती धरावयाची तपासयंत्रे आली आणि ह्या मुक्या संकेतांना शब्द मिळाले.

परंतु यंत्राने वाचावे तर एंजिनाला ठरलेली भाषा हवी. ती अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांची संस्था आणि मालवाहतूकदारांची देखभाल-परिषद ह्यांनी मिळून सिद्ध केली. जे १७०८ ह्या मानकाने दोन पिळलेल्या तारांवरून सेकंदास ९६०० बिट्सचा वेग ठरवला. जे १५८७ ने संदेशाची रचना ठरवली. ह्या रचनेत व्याकरणाची सगळी अंगे आढळतात. बोलणारा कोण, ह्यासाठी एक क्रमांक : १२८ म्हणजे एंजिन. कशाविषयी बोलणे आहे, ह्यासाठी दुसरा : १०० म्हणजे एंजिनाचा तेलदाब. त्यानंतर मूल्य, त्यातील प्रत्येक एकक म्हणजे चौरस इंचास अर्धा पौंड, म्हणून ८० हा आकडा म्हणजे ४० पौंड. आणि दोष असेल तर विधेय निराळे. १ म्हणजे माप विश्वसनीय असून दाब खरोखर कमी आहे. ३ म्हणजे सेन्सरचे व्होल्टेज अवाजवी जास्त. ४ म्हणजे ते अवाजवी कमी. हा भेद अतिशय महत्त्वाचा आहे. पहिल्या विधानात दोष तेलमार्गाचा आहे, उरलेल्या दोहोंत साक्षीदाराचा. हे न जाणता जो कारागीर केवळ ‘१०० चा दोष’ एवढेच वाचतो, तो दोन पैशांच्या तुटक्या तारेसाठी एंजिन खोलून बसण्याचा संभव असतो.

ह्याच्या शेजारी मोटारी आणि हलके ट्रक ह्यांची भाषा ठेवून पाहावी. १९९६ च्या नमुन्यांपासून अमेरिकेत सक्तीची झालेली ओ.बी.डी.-२ पद्धत कॅलिफोर्नियातील धुराविरुद्धच्या कायद्यांतून जन्मली. कायद्याला आस्था होती ती धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंची. बेअरिंग टिकते की जळते, हा प्रश्न मालकाचा. त्यामुळे तिच्या मूळ शब्दसंग्रहात एंजिनाचा वेग आहे, शीतकाचे तापमान आहे. तेलाचा दाब मात्र नाही. तो जाणून घ्यावयाचा तर उत्पादकाच्या खास संकेतांची ओळख असलेले यंत्र हवे. एक भाषा देखभालीच्या गरजेतून निघाली, दुसरी राज्यसंस्थेच्या आज्ञेतून. कोणत्या वस्तूला नाव मिळाले आणि कोणती अनाम राहिली, ह्याचे उत्तर ह्या भिन्न जन्मकथांतच सापडते.

नावांचा गोंधळही काही थोडा झाला नाही. १९९४ पासून फोर्डच्या ७.३ लिटर डिझेल एंजिनात इंजेक्टर चालवण्यासाठी वंगणतेलच वापरले जाऊ लागले. त्यासाठी वेगळा पंप त्यावर चौरस इंचास शेकडो ते हजारो पौंडांचा दाब आणी. तपासयंत्रावर दिसे तो हा दाब. बेअरिंगांना मिळणारा काही दहा पौंडांचा दाब त्या संगणकाला मुळी ठाऊकच नव्हता. कारण तेथे होता केवळ पूर्वोक्त स्विच. तेल तेच, ‘दाब’ हा शब्दही तोच, अर्थ मात्र पूर्णपणे भिन्न.

(३)

बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या ‘कॅन’ जाळ्यावर पुढे जे १९३९ हे मानक उभे राहिले. वेग सेकंदास अडीच लाख बिट्स झाला. तरीही तेलदाबाचा १०० हा क्रमांक तसाच ठेवण्यात आला. भाषा बदलली, तरी जुना शब्द टिकला. एकक मात्र चार किलोपास्कलांचे झाले, म्हणजे १०० ह्या मूल्याचा अर्थ ४०० किलोपास्कल, सुमारे ५८ पौंड. दोषवाचक विधेयांनाही तरतमभाव प्राप्त झाला : किंचित कमी, मध्यम कमी, अत्यंत कमी.

ह्या मानकातील सर्वांत विचारप्रवर्तक तरतूद मौनाविषयीची आहे. २५० पर्यंतची मूल्ये दाबाची. २५४ म्हणजे दोष आणि २५५ म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. ज्या एंजिनात दाबाचा सेन्सरच नाही, ते २५५ पाठवून आपले अज्ञान प्रामाणिकपणे कळवू शकते. ही खूण न समजणारे यंत्र मात्र त्याला चाराने गुणून १०२० किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ १४८ पौंड, असा उत्तम दाब दाखवील. अज्ञानाचे रूपांतर निश्चित ज्ञानात होते ते असे.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बी. एस. ६ ची मानके लागू झाली आणि आपल्याकडील ट्रकदुरुस्तीतही तपासयंत्राचे महत्त्व वाढले. तेव्हा हा इतिहास आता केवळ परदेशाचा उरलेला नाही. नळीपासून पडद्यापर्यंतच्या प्रवासात आकडा अधिक स्पष्ट, अधिक सुलभ होत गेला; त्याचबरोबर तो तेलापासून पायरीपायरीने दूरही गेला. म्हणून पडद्यावरील तेलदाब वाचणाऱ्याने तीन प्रश्न विचारणे प्राप्त आहे : हे सांगणारा कोण, तो कोणत्या दाबाविषयी सांगत आहे आणि त्याने तो स्वतः मोजला आहे काय? जुन्या कागदपत्रांचा अभ्यासक आपल्या साधनांना ह्याहून वेगळे काही विचारीत नाही.