डुमसची काळी वाळू

सुरतेच्या जुन्या मराठी घरांत सहल म्हणजे बहुधा डुमस. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या या किनाऱ्यावर आजोबा आम्हांस नेत. आता आम्ही नातवंडांना नेतो. उंटावरची फेरी, टोमॅटोची भजी आणि ओहोटीला दूरवर मागे सरणारा समुद्र हे सारे तसेच आहे. मुलांचा प्रश्नही तोच : चित्रातली वाळू पिवळी, मग इथली काळी का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उत्तरादाखल लोहचुंबक बरोबर नेला. वाळूत फिरवताच त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. हे लोहयुक्त कण दख्खनच्या काळ्या कातळातले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा तो कातळ झिजवीत तापी मुलताईहून निघते आणि खानदेश ओलांडून, सुमारे ७२४ किलोमीटर वाहत डुमसनजीक समुद्राला मिळते.

याच गाळाने सुरतेच्या इतिहासालाही वळण दिले. नदीमुख उथळ असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत न येता उत्तरेस सुवालीला नांगर टाकीत. १६१२ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज जहाजांची झुंज तेथेच झाली. पुढे या बंदराच्या संपत्तीने १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांना येथवर आणले. ती हकीकत मुले घरी एका सुरात ऐकतात, बाहेर दुसऱ्या, आणि मग विचारतात, "आपण नेमके कुठले?"

महाराजांची फौज परतली. आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज मात्र राहण्यासाठी आले. १९०० च्या सुमारास खुल्या झालेल्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने, खानदेशातून, म्हणजे वाळूच्याच वाटेने. तेव्हा डुमसच्या वाळूइतकेच आपण इथले आणि तिच्याइतकेच तिथले, हे उत्तर आम्हांस प्रामाणिक वाटते.

मात्र १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यापासून वरचा पुष्कळसा गाळ तेथेच अडतो. घरातील मराठीचेही काहीसे तसेच झाले आहे : साठा आहे, नवी भर थोडी.

परतताना धाकट्या नातीने चुंबकावरचे कण कागदाच्या पुडीत बांधले. वर गुजराती लिपीत 'डुमस' लिहिले. आम्ही सांगितल्यावर खाली देवनागरीत, जरा अडखळत, 'खानदेश'.