सस्पेन्शनचं कोटेशन आणि कल्याणची प्यूजो

घोडबंदर रोडच्या खड्ड्यात स्पोर्ट्स कारचं चाक आपटलं, शॉकर लीक झाला आणि सर्व्हिस सेंटरने दिलेल्या कोटेशनमध्ये एखादी सेकंडहँड गाडी आली असती. ठाणे-डोंबिवलीत हे आता नवीन नाही. पण हा आकडा ठरतो कसा? त्यासाठी आज कुर्ल्याहून कल्याणला जाऊया.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी निघाली. पद्मिनीला मागे पाटे, पुढे स्प्रिंगा. डिझाइन वर्षानुवर्षं जवळपास तेच. त्यामुळे गंमत बघा, नवी गाडी मिळायला लोक वर्षं मोजायचे, दुरुस्ती मात्र नाक्यावरचा मिस्त्री करायचा. पार्ट दुकानात मिळायचा. एकाने जास्त सांगितले की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स!

मग आलं उदारीकरण. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी हातमिळवणी केली आणि १९९४ मध्ये आपल्या कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनायला लागली. कल्याणची गाडी साधी फॅमिली कार. पण तिचं स्पोर्टी भावंड, ३०९ जीटीआय, युरोपात गाजलं होतं. दोघींच्या मागच्या सस्पेन्शनची रचना मुळात एकच: कॉइल स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा स्टीलचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार. वळणावर गाडी झकास चालायची. दुखणं होतं आतल्या नीडल बेअरिंगचं. सील गेलं की पाणी शिरतं, बेअरिंग खातं, मागची चाकं वरून आत कलतात. वेळेत पकडलं तर बेअरिंगवर भागतं, उशीर झाला तर अख्खा अ‍ॅक्सल.

१९९७ मध्ये प्यूजो भारतातून निघून गेली. गाड्या मात्र इथेच राहिल्या. पद्मिनीसारखी पार्ट्सची बाजारपेठ या गाडीभोवती उभीच राहिली नव्हती. थोडक्यात, गाडी कल्याणला बनली तरी दुरुस्ती आपल्या हातात आली नाही.

आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच आणखी पुढे गेलंय. डँपरमध्ये इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह, चाकाजवळ सेन्सर. अनेकदा आतला भाग सुटा मिळत नाही, पूर्ण असेंब्लीच बदलतात. वर आयात शुल्क, आणि फॉल्ट कोड वाचायला कंपनीचंच सॉफ्टवेअर.

यावर देशात एक मोठी लढाई झाली. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, हा ठपका. आयोगाने असंही सांगितलं की, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं, तर तेवढ्यापुरतीच. कंपन्या अपिलात गेल्या, वाद वर्षानुवर्षं चालला. पण मुद्दा कागदावर आला: गाडी विकली म्हणजे दुरुस्तीची मक्तेदारी मिळाली असं नाही.

मग कोटेशन हातात आल्यावर काय करायचं? नुसती एकूण रक्कम घेऊ नका. पार्ट नंबर, पार्टची किंमत, मजुरी, अलाइनमेंट वेगवेगळं लिहून मागा. एक शॉकर गेलाय की चारही बदलतायत? का? गाडी लिफ्टवर घेऊन लीक डोळ्यांनी बघा. बदललेला जुना पार्ट परत मागा. त्याच पार्ट नंबरवर दुसऱ्या गॅरेजचा भाव काढा. आणि खडखड ऐकू आली की त्याच आठवड्यात दाखवा. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

पद्मिनीवाल्याकडे पैसा जास्त नव्हता, दुसरा मिस्त्री होता. भाव करायची ताकद तिथून येते. गाडी घेतानाच विचारा: हिचा दुसरा मिस्त्री कोण? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!