दोन खोल्यांची चित्रशाळा

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘सर, तुम्ही जे.जे.चे का?’ माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेला आणि बहुतेक वेळा मी नुसता हसलो. समोरच्याने त्यातून काय घ्यायचे ते घ्यावे. खरे म्हणजे मी शिकलो तो दादरच्या एका लहानशा खासगी चित्रशाळेत. तिचे नाव मी कधी घेत नसे. ती चूक थोडीफार भरून निघावी म्हणून आज अशा खासगी कलाशाळांविषयी चार शब्द बोलणार आहे.

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत जे.जे. कलाशाळा सुरू झाली, हे आपण सारे जाणतो. त्या शाळेवर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. पण तिथल्या जागा मोजक्या आणि चित्रकला शिकू पाहणारी मुले गावोगावची. शिवाय अनेकांना दिवसा पोटासाठी काम करावे लागे. ही गरज ओळखली ती जे.जे.मध्येच शिकलेल्या चित्रकारांनी. सावंतवाडीहून आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली, तेव्हा त्यांचे वय जेमतेम पंचवीस-सव्वीस होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आपण पाहिले असेल. ते त्यांचेच. पण चित्रकार हळदणकर जितके लोकांना ठाऊक आहेत, तितके शिक्षक हळदणकर ठाऊक नाहीत.

पुढे दंडवतीमठ यांचे ‘नूतन कला मंदिर’ निघाले. उडुपीजवळच्या खेड्यातून आलेले कृष्ण हेब्बर आधी तिथे शिकले, मग जे.जे.तून पदविका घेऊन तिथेच काही काळ शिक्षकही झाले. म्हणजे खासगी शाळा ही कमी प्रतीची आणि सरकारी ती वरची, अशी सरळ वाटणी करता येत नाही. एकीतून दुसरीत माणसांची ये-जा होती.

मी स्वतः सावंतवाडीजवळच्या गावातला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा झाल्यावर 1972 मध्ये मुंबईला आलो. लालबागला गावकऱ्यांची खोली होती. रात्री तिथे पथारी, दोन वेळा खानावळीत जेवण. चित्रशाळेचे वर्ग सकाळी. दोन खोल्या, आठ-दहा डाँकी, तीन ईझल, कोपऱ्यात नाकाचा टवका उडालेले प्लास्टरचे एक मस्तक. त्याच मस्तकावर किती पिढ्यांनी छायाप्रकाश गिरवला असेल, कोण जाणे! कोळशाने रेखाटन करताना खोडायला पावाचा मऊ गर वापरायचा. सर आधी विचारायचे, ‘न्याहारी झाली का?’ कारण भुकेला विद्यार्थी तो पाव खाऊन टाकतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

व्यक्तिचित्रणासाठी मॉडेल आणायला पैसे नसत. मग भाजी मंडईतला एखादा म्हातारा हमाल दोन तास बसवायचा आणि त्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून द्यायचे. दुपारी मी सिनेमाची बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरकडे कामाला जाई. भाद्रपदाच्या आधी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम मिळे. वर्गात जलरंगाचा पातळ हात शिकायचा आणि दुपारी नायिकेचा गाल चार इंची ब्रशने रंगवायचा! पण डोळ्यांत आणि हातात जे मुरले, ते या दोन्हींमुळे.

या शाळांच्या उणिवाही सांगायला हव्यात. ग्रंथालय नव्हते. कलेचा इतिहास आम्ही वहीत उतरवून घेतलेल्या टिपणांवर पाठ केला. सर जसे आकाश रंगवत, तसेच आम्हा सगळ्यांचे आकाश होई. परीक्षेचा अभ्यासक्रम संपवण्यात वर्ष सरे, त्यामुळे नवे काही करून पाहायला वाव कमी. जहांगीर आर्ट गॅलरीत गेल्यावर तिथली अमूर्त चित्रे पाहून आम्ही गोंधळून जात असू आणि ती समजावून सांगणारे कोणी नव्हते. शाळा चाले ती फीवर. फी थकली की सर आपल्या खिशातून भाडे भरत. माझी स्वतःची पाच महिन्यांची फी थकलेली होती. नोकरी लागल्यावर देईन म्हणालो होतो. 1977 मध्ये नोकरी लागली. पहिल्या वर्षी जमले नाही, दुसऱ्या वर्षी विसरलो. आठवण झाली तेव्हा सर नव्हते.

ती इमारतही आता पडली. तिथे उंच बांधकाम झाले. शाळेची हजेरीपुस्तके, प्रवेशाच्या पावत्या, विद्यार्थ्यांची उत्तम म्हणून राखून ठेवलेली चित्रे कुठे गेली, हे सांगणारे कोणी उरले नाही. मोठ्या संस्थांचा इतिहास त्यांच्या दप्तरात सापडतो. लहान संस्थांचा इतिहास शिकून गेलेल्यांच्या बोलण्यात असतो, आणि मी तर बोललोच नाही. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून ज्यांनी मुलांच्या हाती पहिला ब्रश दिला, त्यांपैकी कितीतरी शिक्षक अशाच दोन खोल्यांतून आलेले होते. ती नावे आम्हीच गाळली, तर पुढच्यांनी ती कुठून शोधायची?

माझ्याकडे तिथला एक हाफ इम्पिरिअल कागद अजून आहे. मी काढलेला हमालाचा हात, आणि त्याच्या बाजूला सरांनी पेन्सिलीने, चार रेषांत, दुरुस्त करून दाखवलेला मनगटाचा सांधा. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा एखादा कागद, वर्गाचा फोटो किंवा फीची पावती असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला शाळेचे नाव आणि साल लिहून ठेवा. मी माझ्या कागदावर ते मागच्या आठवड्यात लिहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)