रमाबाई नावाच्या चौघी

महाराष्ट्राच्या इतिहासात 'रमाबाई' हे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनात कोण उभे राहील, हे बहुधा त्याच्या घरावर आणि वाचनावर अवलंबून असते. कुणाला थेऊरची सती आठवते, कुणाला केडगावचे मुक्ती सदन, कुणाला पुण्याचे सेवासदन. वस्तीवस्तीत लागणाऱ्या भीमगीतांवर वाढलेल्याला मात्र 'रमाई' याखेरीज दुसरे काही आठवत नाही. पेशव्यांची पत्नी, संस्कृतची पंडिता, न्यायमूर्तींची पत्नी व समाजसेविका आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सहधर्मचारिणी अशा या चौघी होत. पहिलीचा मृत्यू आणि चौथीचा जन्म यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

खरा घोटाळा होतो तो मधल्या दोघींच्या बाबतीत. पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे या समकालीन. दोघी एकाच वेळी पुण्यात वावरल्या, दोघींनी स्त्रियांसाठी संस्था उभारल्या आणि त्या संस्थांच्या नावांतही 'सदन' हा शब्द समान. एकीचे निधन १९२२ मध्ये झाले, दुसरीचे १९२४ मध्ये. त्यामुळे शारदा सदन रानडे यांच्या आणि सेवासदन पंडिताबाईंच्या खात्यावर जमा करण्याची चूक विद्यार्थीच नव्हे, तर वक्तेही करतात. ही चूक केवळ नावांची अदलाबदल म्हणून सोडून देण्याजोगी नाही. कारण दोघींनी निवडलेल्या वाटा पुढे इतक्या दूर गेल्या की एकीचे श्रेय दुसरीला देणे म्हणजे दोघींचीही किंमत कमी करणे होय.

'रमा' हे लक्ष्मीचे नाव. माधव म्हणजे विष्णू. तेव्हा माधवाच्या घरी रमा असावी, ही जोड जुन्या मराठी घरांना प्रिय होती. थोरले माधवराव पेशवे यांच्या पत्नीचे नाव रमाबाई होते. पानिपतच्या आघातानंतर १७६१ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांकडे पेशवेपद आले. पुढील अकरा वर्षांत त्यांनी मराठी सत्तेची घडी पुन्हा बसवली आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात त्यांचा अंत झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते. रमाबाई पतीच्या चितेवर सती गेल्या. थेऊरला त्यांचे स्मारक आहे; अष्टविनायकाच्या यात्रेला येणारे अनेक भाविक तेथेही जातात.

या रमाबाईंविषयी इतिहासाला जेवढे ठाऊक आहे, त्याहून अधिक मराठी वाचकाला रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या कादंबरीमुळे ठाऊक झाले. १९६२ च्या या कादंबरीला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावरील दूरदर्शन मालिकेत रमाबाईंची भूमिका मृणाल देव यांनी केली. त्याच अभिनेत्रीने, म्हणजे मृणाल कुलकर्णी यांनी, २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. कादंबरी, मालिका आणि चित्रपट यांतून उभी राहिलेली कोमल, समजूतदार रमा इतकी ठसठशीत आहे की कागदपत्रांतील अल्प उल्लेखांची रमाबाई तिच्याआड झाकली गेली. सती जाणे हे त्या काळीही पेशव्यांच्या घरात प्रत्येकीच्या वाट्याला आले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. माधवरावांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा १७७३ मध्ये खून झाला तेव्हा त्यांची गरोदर पत्नी गंगाबाई मागे राहिली आणि तिच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला. मातृत्वाने गंगाबाईला जगवले. रमाबाईंपाशी ते कारण नव्हते.

यानंतर इंग्रजी अंमल आला, १८२९ मध्ये बंगालमध्ये आणि पाठोपाठ मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली. चितेवरून वाचलेल्या विधवेने पुढे जगायचे कसे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढच्या दोन रमाबाईंचे आयुष्य या प्रश्नाभोवती फिरले.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या आईकडून रमा शिकली. स्त्रीला वेदशास्त्राची भाषा शिकवणे हा त्या काळी गुन्ह्याहून कमी मानला जात नव्हता. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि मोठी बहीण यांचा मृत्यू झाला. रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. १८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यात पोहोचली, तेव्हा तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भावाच्या निधनानंतर १८८० मध्ये तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पतीचे निधन झाले. त्या वेळी रमाबाईंचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते.

येथून त्या पुण्यात आल्या आणि येथेच दोन रमाबाईंची गाठ पडली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नीचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. १८७३ मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या यमुनेशी विवाह केला. सुधारकांच्या अग्रणीने विधवेशी विवाह न करता कुमारिकेशी केला, याबद्दल तेव्हा मोठी टीका झाली. यमुनेची रमाबाई झाली. रानडे यांना पुण्यात 'माधवराव' म्हणत. रमा हे नाव त्या जोडीला शोभावे म्हणूनच ठेवले गेले असावे, असे मानण्यास जागा आहे. निरक्षर असलेल्या पत्नीला रानड्यांनी स्वतः अक्षरओळख करून दिली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. पती शिकवतो म्हणून शिकावे की सासुरवासात निभावून न्यावे, ही कुचंबणा रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात कसलाही आव न आणता लिहिली आहे. मराठी आत्मपर लेखनात हे पुस्तक आजही अग्रभागी ठेवावे लागते.

१८८२ मध्ये पंडिताबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्याच्या सभांना जाऊ लागल्या आणि घरी बोलणी खाऊ लागल्या. मिस हरफर्ड या एकाच मिशनरी बाईशी दोघींचा संबंध आला. रानड्यांच्या घरी त्या इंग्रजी शिकवत. पंडिताबाईंना इंग्रजीच्या प्राथमिक धड्यांबरोबर त्या मराठी नवा करार वाचून दाखवत. पुढचे सारे मार्गांतर या एका तपशिलात पाहता येते. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिताबाईंनी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर यांची गरज मांडली. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुणे हादरले. ज्या बाईच्या मुखातील संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले होते, तीच बाई ख्रिस्ती झाली, हे सनातन्यांना सहन होणे शक्य नव्हते आणि अनेक सुधारकांनाही जड गेले. रमाबाई मात्र थांबल्या नाहीत. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या आणि १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करून विधवांच्या निवासी शाळेसाठी निधी उभा केला. ही शाळा म्हणजेच शारदा सदन. ते ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आले. तारखांचा एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी. आणि शारदा सदनात शिकलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला तो ११ मार्च १८९३ रोजी.

त्याच १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मांतराला उत्तेजन दिले जाते, या आरोपावरून वादळ उठले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'ने टीकेची धार लावून धरली होती. सदनाच्या सल्लागार मंडळातून न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. दोन रमाबाईंच्या वाटा फुटल्या त्या या वळणावर. यापुढे पंडिताबाईंचे कार्य केडगावला, दौंडजवळच्या माळावर वाढले. १८९६-९७ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांत व गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुली व विधवांना मुक्ती सदनात आसरा मिळाला. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या स्त्रियाच करीत. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते केडगावलाच छापले गेले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ज्या प्रांताने त्यांना आधी डोक्यावर घेतले आणि मग दूर लोटले, त्याने त्यांचे मूल्यमापन करण्यास फार वेळ लावला. त्यांच्यावरील टपाल तिकीट निघाले ते १९८९ मध्ये.

रमाबाई रानडे यांच्यावरील तिकीट त्याआधी सत्तावीस वर्षे, १५ ऑगस्ट १९६२ रोजी निघाले होते. त्यांची वाट सौम्य होती, पण सोपी नव्हती. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे, ही मागणी १८८४ मध्ये गव्हर्नरपुढे मांडण्यात आली, तेव्हा ते निवेदन वाचून दाखवणाऱ्या रमाबाईच होत्या. त्यातून उभी राहिलेली शाळा म्हणजे हुजूरपागा. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. वैधव्याच्या पुढील तेवीस वर्षांत रमाबाईंनी जे केले, ते पतीच्या सावलीतून पूर्णपणे बाहेर पडलेले आहे. मुंबईत मलबारी व दयाराम गिडुमल यांनी काढलेल्या सेवासदनाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुणे सेवासदन सुरू झाले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षिका वा परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभे राहता आले, ते अशा संस्थांमुळे. मुलींचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांचा मताधिकार या चळवळींतही त्या पुढे होत्या. २०१२ मधील 'उंच माझा झोका' या मालिकेने त्यांचे नाव नव्या पिढीच्या घराघरांत नेले. मालिकेचा भर अर्थातच यमुनेच्या बालपणावर आणि संसारावर राहिला.

चौथ्या रमाबाईंची कथा या पुणेरी वर्तुळाच्या पूर्णपणे बाहेरची. ७ फेब्रुवारी १८९८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे गाव दापोलीजवळचे वणंद. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडिलांचे छत्र लवकर हरपल्याने काकांनी भावंडांना मुंबईस आणले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, मासळीचा दिवसभराचा व्यवहार आटोपल्यावर रात्री त्यांचा भीमरावांशी विवाह झाला. पंडिता रमाबाईंना संस्कृत वारशाने मिळाले, रमाबाई रानड्यांना पतीने शिकवले. या रमाबाईंच्या वाट्याला संसार रेटण्याचे काम आले, आणि तेही पती वर्षानुवर्षे न्यूयॉर्क आणि लंडनला असताना. परळच्या चाळीतील त्या दिवसांत पोटच्या पाच मुलांपैकी चार गेली. एकटे यशवंत जगले. पंढरपूरला जाण्याची त्यांची इच्छा होती. जेथे अस्पृश्याला देवळाबाहेर उभे राहावे लागते तेथे जाण्याऐवजी आपण दुसरी पंढरी निर्माण करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावल्याचे चरित्रकार सांगतात.

दादरच्या 'राजगृहा'त थोडे स्थैर्य लाभले तोवर प्रकृती ढासळली होती. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा बाबासाहेबांनी त्यानंतर पाच महिन्यांच्या आत केली. ती ऐकायला रमाबाई नव्हत्या. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत घरातील हाकेचे 'रामू' हेच नाव वापरले. भारताच्या फाळणीवरील कठोर तर्काच्या ग्रंथाचे पहिले पान एका घरगुती हाकेने उघडते, हे मराठी वाचकांपैकीही थोड्यांना ठाऊक असते.

पंडिताबाई आणि रानडेबाई यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले. रमाबाई आंबेडकरांविषयी जे आहे ते इतरांच्या आठवणींत, चरित्रांत आणि गाण्यांत. तरीही चौघींपैकी सर्वाधिक वस्त्यांना, सभागृहांना आणि चौकांना नाव आहे ते त्यांचेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या राज्याच्या घरकुल योजनेचे नाव 'रमाई आवास' असे आहे. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा बळी गेला. तेव्हापासून वृत्तपत्रांत नुसते 'रमाबाई नगर' असे छापले तरी वाचकाला पुढचे आडनाव विचारावे लागत नाही.